चार एकवीस ते साडेचार

११ डिसेंबर १९६७ची पहाट. चार वाजून वीस मिनिटं झाली आहेत आणि तुम्ही कोयनानगरच्या रस्त्यावर उभे आहात. कानटोपी खाली ओढून घ्यावी अशी थंडी आहे. वर धरणाच्या भिंतीमागं शिवसागर जलाशय काळोखात पडलेला. मनगटावरच्या घड्याळाकडं लक्ष असू द्या.

चार एकवीस. आधी आवाज येतो, जमिनीखालून मालगाडी गेल्यासारखा. मग पाय ठरत नाहीत. दगडमातीच्या भिंती जागच्या जागी बसतात, कौलं निसटतात, गोठ्यातली जनावरं हंबरतात. ६.३ रिश्टरचा हा धक्का पावणेदोनशेहून अधिक माणसं नेणार आहे आणि थेट मुंबईची वीज घालवणार आहे. पाटण तालुक्यात ही रात्र अजून घरोघरी सांगितली जाते, ती मी पुन्हा सांगत नाही. मला दाखवायची आहेत ती पुढची नऊ मिनिटं. ती कोणालाच कळली नाहीत.

लाटा चहूकडं सुटल्यात, तशा खालीही. दहा-बारा सेकंदांत पहिला पडसाद परत येतो. सुमारे अडतीस किलोमीटरवर पृथ्वीचं कवच संपतं, प्रावरण सुरू होतं आणि लाटेचा वेग एकदम वाढून सेकंदाला आठ किलोमीटरच्या घरात जातो. वेग बदलला की लाटेचा काही भाग मागं फिरतो. क्रोएशियाच्या आंद्रिया मोहोरोविचिच यांनी १९०९च्या एका भूकंपाच्या नोंदींवरून ही सीमा ओळखली, म्हणून ती ‘मोहो’.

घड्याळ बघत राहा. पावणेदोन मिनिटं होत आली की ४१० किलोमीटरवरचा पडसाद, अडीच मिनिटांनी ६६० किलोमीटरवरचा. या खोलीवर खडकातला माल बदलत नाही, त्याची रचना बदलते. पायली हलवून, दाबून भरली की तेच धान्य कमी जागेत बसतं, तसे ऑलिव्हिन खनिजातले अणू प्रचंड दाबाखाली अधिक घट्ट बसतात. ६६०च्या सीमेवर तर त्यातून दोन वेगळी खनिजंच तयार होतात.

मग बराच वेळ काही नाही. साडेचार वाजायला येतात. लोक कंदील शोधताहेत, हातांनी ढिगारे उपसताहेत, एकमेकांना हाका मारताहेत. त्याच वेळी सुमारे २,९०० किलोमीटर खोल गाभ्याला शिवून आलेली लाट त्यांच्या पायांखाली पोचते. ती कोणालाही जाणवत नाही.

असे पडसाद फार क्षीण. एका यंत्राच्या कागदावर ते दिसणं कठीण. अनेक ठिकाणच्या नोंदी एकावर एक रचाव्या लागतात. त्यासाठी लागणारं जगभरचं भूकंपमापकांचं जाळं १९६०च्या दशकात उभं राहिलं, आणि त्यात पुण्याचं केंद्रही होतं. जाळं उभारण्यामागचा खरा हेतू मात्र चोरून केलेले अणुस्फोट पकडण्याचा. शीतयुद्धाचं एवढं एक देणं मी बिनतक्रार घेतो.

आता काही वर्षं पुढं या आणि पूर्वेला. १९७०च्या दशकाचा मध्य, सांगली जिल्ह्यातलं चोरोची. माळावर वायर पसरलीय, तिला ओळीनं जमिनीचा कंप टिपणारे जिओफोन जोडलेत. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेची माणसं, के. एल. कैला यांचा चमू, गुहागरपासून इथवर सुमारे दोनशे किलोमीटरची रेघ तपासतो आहे. बहात्तरचा दुष्काळ अजून ताजा. एक म्हातारा मेंढरं थांबवून तुम्हाला विचारतो, “पाव्हनं, ह्यानं पानी घावतंय का?”

नाही, आबा. विहिरीला लावतात तसाच सुरुंग, फक्त उडणार शंभर किलोमीटर पश्चिमेला. सोळाव्या सेकंदाच्या सुमारास कवचातून सरळ आलेली लाट सुई हलवते. विसाव्याच्या आसपास दुसरी, मोहोवर आपटून आलेली. या चार सेकंदांच्या फरकातून खोली निघते: या पट्ट्यात मोहो ३६ ते ४० किलोमीटरवर. वरचा काळा पाषाण किनाऱ्याकडं दीडेक किलोमीटर जाड आणि इकडं पूर्वेला पातळ होत गेलेला, हेही त्याच रेघेवर कळलं. आबांना यातलं काहीच उपयोगाचं वाटत नाही, आणि त्यांचं चुकतंय असं मला म्हणवत नाही.

शेवटचा मुक्काम २०१७, पाटण तालुक्यातलं गोठणे. कोयनेत भूकंप का होतात हे आत शिरून बघायला इथं तीन किलोमीटर खोल भोक पाडलंय. १,२४७ मीटरवर काळा पाषाण संपला आणि ग्रॅनाइटच्या जातीचा जुना खडक लागला. त्यावरचं काम कराडच्या प्रयोगशाळेत चालतं. भोकाच्या तळापासून मोहो अजून पस्तीसेक किलोमीटर खाली आहे. रशियातल्या कोला इथलं जगातलं सर्वांत खोल भोकसुद्धा १२,२६२ मीटरवर थांबलं. मोहोला अजून कोणी हात लावलेला नाही.