किरकोळ शब्दांची साक्ष

वर्तमानपत्रात टोपणनावाने लिहिण्याची प्रथा जुनी आहे. आपल्याकडे गोपाळ हरी देशमुखांनी ‘प्रभाकर’ पत्रात शतपत्रे लिहिली, ती ‘लोकहितवादी’ या नावाने. टोपणनावाचा फायदा असा, की वाचक माणसाकडे न पाहता त्याच्या मुद्द्याकडे पाहतो. तोटा असा, की पुढे कधीतरी ‘हे नेमके लिहिले कुणी?’ असा प्रश्न निघतो आणि तेव्हा सांगणारा उरलेला नसतो.

अमेरिकेत असाच एक प्रश्न दीडशे वर्षांहून अधिक काळ रेंगाळला. १७८७च्या सप्टेंबरात फिलाडेल्फियात नव्या राज्यघटनेचा मसुदा तयार झाला. तेरापैकी नऊ राज्यांनी मान्यता दिली तरच ती अमलात येणार होती. न्यूयॉर्क राज्यात विरोध मोठा होता. लोकांचे मन वळवायचे, तर वर्तमानपत्र हेच त्या काळचे साधन. २७ ऑक्टोबर १७८७ रोजी तेथील एका पत्रात ‘पब्लियस’ अशी सही असलेला पहिला लेख आला. पब्लियस म्हणजे प्राचीन रोममधला, प्रजासत्ताकाच्या उभारणीत वाटा असलेला एक पुढारी. पुढच्या काही महिन्यांत या नावाने एकूण ८५ लेख लिहिले गेले. ते ‘फेडरलिस्ट’ या नावाने प्रसिद्ध आहेत. घटनेचा अर्थ लावताना अमेरिकेतील न्यायालये आजही त्यांचा आधार घेतात. न्यूयॉर्कने २६ जुलै १७८८ला घटना मान्य केली, तीही ३० विरुद्ध २७ अशा निसटत्या मतांनी.

पब्लियस हा एक माणूस नव्हता. अलेक्झांडर हॅमिल्टन, जेम्स मॅडिसन आणि जॉन जे अशा तिघांनी मिळून ते नाव घेतले होते. जे आजारी पडल्यामुळे त्यांचे लेख मोजकेच. बाकीचा भार हॅमिल्टन आणि मॅडिसन यांनी वाहिला. दोघेही कसलेले वादपटू. दोघांचे शिक्षण त्याच वळणाचे, लांब पल्लेदार वाक्यांची हौसही सारखीच, आणि प्रतिपाद्य तर एकच. त्यातून एकाच माणसाने लिहिल्यासारखे वाटावे हा हेतू! मग ओळखायचे कसे?

तेव्हा कुणाला ओळखण्याची फारशी गरजही वाटली नाही. पण पुढच्या चार-पाच वर्षांतच हे दोघे राजकारणात एकमेकांचे विरोधक झाले. हॅमिल्टन अर्थमंत्री झाले, राष्ट्रीय बँक काढावी म्हणू लागले. घटनेत असा अधिकारच नाही, असे मॅडिसन म्हणाले. आता जुन्या लेखांतली काही विधाने ज्याची त्यालाच अडचणीची ठरू लागली. साहजिकच दोघांनीही याबाबत मौन पाळणे पसंत केले.

जुलै १८०४मध्ये अॅरन बर या प्रतिस्पर्ध्याशी हॅमिल्टन यांचे द्वंद्वयुद्ध ठरले. त्याच्या एक-दोन दिवस आधी ते एका वकील मित्राच्या कचेरीत गेले आणि तेथील एका पुस्तकात एक चिठ्ठी ठेवून आले, असे सांगतात. चिठ्ठीत कोणता लेख कुणाचा, याचे आकडे होते. ११ जुलैला त्यांना गोळी लागली आणि दुसऱ्या दिवशी ते वारले. त्या चिठ्ठीप्रमाणे ६३ लेख एकट्या हॅमिल्टन यांचे होते. मॅडिसन यांनी आपली यादी १८१८मध्ये प्रसिद्ध होऊ दिली. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या, तर बारा लेखांवर दोघांचाही दावा! ४९ ते ५८ आणि ६२, ६३ हे ते लेख. सरकारची सत्ता वाटून टाकावी म्हणजे एक अंग दुसऱ्याला आवर घालील, हा सुप्रसिद्ध युक्तिवाद ज्यात आहे तो ५१वा लेखही यातच.

मग अभ्यासकांनी युक्तिवाद तपासायला घेतले. हा मुद्दा मॅडिसन यांच्या अमुक भाषणात आहे, ही कल्पना हॅमिल्टन यांच्या तमुक पत्रात आहे, असे दाखले दोन्हीकडून निघाले. १८८६मध्ये हेन्री कॅबट लॉज यांनी हॅमिल्टन यांच्या बाजूने कौल दिला, १८९७मध्ये एडवर्ड बोर्न यांनी मॅडिसन यांच्या बाजूने. लगेच पुढच्या वर्षी पॉल फोर्ड यांनी पुन्हा हॅमिल्टन यांच्या. डग्लस अॅडेर या इतिहासकाराने १९४४मध्ये या सगळ्याचा आढावा घेतला, तेव्हा एक मजेदार गोष्ट त्याच्या ध्यानात आली. देशाच्या राजकारणात हॅमिल्टन यांच्या विचारांची चलती असली, की हे बारा लेख त्यांच्या नावावर जमा होत. वारे फिरले, की मॅडिसन यांच्याकडे सरकत. युक्तिवादाचे विश्लेषण म्हणून जे चालले होते, त्यात विश्लेषकाचा पक्षच बोलत होता. अॅडेर यांचे स्वतःचे मत मॅडिसन यांच्या बाजूचे होते. पण मत आणि पुरावा यांतले अंतर ते जाणून होते.

मजकुरातला आशय बाजूला ठेवून नुसती मोजणी करावी, ही कल्पना त्याआधीची. गणितज्ञ ऑगस्टस डी मॉर्गन यांनी १८५१मध्ये एका पत्रात सुचवले होते, की बायबलमधली पत्रे सेंट पॉलचीच का, हे शब्दांची सरासरी लांबी काढून पाहता येईल. (हे डी मॉर्गन जन्मले आपल्या मदुराईत, हे जाता जाता.) पुढे थॉमस मेंडेनहॉल यांनी शेक्सपिअर आणि बेकन यांचे लाखो शब्द मोजवून घेतले. दोघांचे आलेख निराळे आले खरे; पण शेक्सपिअरचे पद्य आणि बेकनचे गद्य तोलण्यात काय अर्थ होता? ज्ञानेश्वरीचे ज्ञानेश्वर आणि अभंगांचे ज्ञानेश्वर वेगळे, असे प्रतिपादन शिवराम एकनाथ भारदे यांनी केले, तेव्हा भाषेतला फरक हा त्यांचा एक आधार होता. तिथेही हीच अडचण आहे. टीका आणि अभंग यांची भाषा मुळात एक असेल कशी? आणि भारदे लिहीत होते तेही ‘भारद्वाज’ या टोपणनावाने!

फेडरलिस्टच्या बाबतीत मात्र ही अडचण नव्हती. विषय एक, प्रकार एक, काळ एक. १९४१मध्ये फ्रेडरिक मॉस्टेलर आणि फ्रेडरिक विल्यम्स या दोघांनी ज्यांच्याविषयी वाद नाही असे लेख घेऊन वाक्यांची लांबी मोजली. बरीच मेहनत झाली. निकाल असा: हॅमिल्टन यांच्या वाक्यात सरासरी ३४.५५ शब्द, मॅडिसन यांच्या वाक्यात ३४.५९. याहून निरुपयोगी उत्तर मिळणे कठीण!

अॅडेर यांनी १९५९मध्ये मॉस्टेलर यांना कळवले, की ‘असताना’ या अर्थी हॅमिल्टन ‘व्हाइल’ लिहितात आणि मॅडिसन ‘व्हाइल्स्ट’. धागा चांगला होता, पण अपुरा. कित्येक लेखांत हे दोन्ही शब्द नाहीत, आणि एखादा शब्द मुद्रकाने किंवा संपादकानेही बदललेला असू शकतो. तेव्हा मॉस्टेलर आणि शिकागोचे डेव्हिड वॉलेस यांनी असे पुष्कळ शब्द हुडकायचे ठरवले. ‘युद्ध’, ‘कायदेमंडळ’ असे वजनदार शब्द त्यांनी मुद्दाम टाकून दिले, कारण ते विषयाप्रमाणे येतात-जातात. ठेवले ते किरकोळ शब्द, आपल्या व्याकरणातल्या अव्ययांसारखे. मराठीत विचार करून पाहा. कुणी नेहमी ‘परंतु’ लिहितो, कुणी ‘पण’. कुणी ‘अथवा’, कुणी ‘किंवा’. कुणाच्या प्रत्येक वाक्यात ‘च’ ठाण मांडून असतो. दुसऱ्याची नक्कल करताना आपण त्याचे दृष्टान्त उचलतो, मुद्दे उचलतो. त्याचे ‘परंतु’ किती, हे कोण पाहतो? स्वतःचे तरी कुणाला ठाऊक असतात?

सुरुवातीची मोजणी हातानेच झाली. कागदाच्या लांब पट्टीवर एकेका ओळीत एकेक शब्द टंकायचा, पट्टी कापायची आणि चिटोऱ्या वर्णक्रमाने लावायच्या. कुणी जरा मोठा श्वास सोडला, की चिटोऱ्या हवेत उडत आणि लावणाऱ्याशी कायमचे वैर होई, अशी आठवण मॉस्टेलर यांनी नोंदवली आहे. नंतर संगणक मदतीला आला. ‘अपॉन’ हा साधा शब्द हॅमिल्टन हजार शब्दांत सुमारे तीनदा वापरतात, मॅडिसन चार-पाच हजारांत जेमतेम एकदा. वादाच्या बारा लेखांत तो जवळजवळ आढळतच नाही. अखेर असे तीस शब्द निवडले गेले.

मला महत्त्वाचे वाटते ते पुढचे पाऊल. अठराव्या शतकातील थॉमस बेज या इंग्लिश पाद्रीच्या नावाने ओळखला जाणारा संभाव्यतेचा नियम त्यांनी वापरला. त्यात आपले आधीचे मत लपवायचे नसते. ते आकड्यात मांडायचे आणि प्रत्येक पुराव्यागणिक किती हलते ते पाहायचे. म्हणजे कट्टर हॅमिल्टनवाद्यानेही हिशेबाला बसावे. त्याचा पूर्वग्रह कितीही पक्का धरला, तरी तीस शब्दांची एकत्र साक्ष त्याला बहुतेक सर्व लेखांत मॅडिसन यांच्याकडेच नेत होती. १९६४मध्ये त्यांचे पुस्तक निघाले, आणि आता बहुतेक इतिहासकार बाराही लेख मॅडिसन यांचे मानतात.

मग हॅमिल्टन खोटे बोलले काय? तसे म्हणण्याचे कारण नाही. त्यांच्या चिठ्ठीत ५४वा लेख जॉन जे यांचा म्हटला आहे. प्रत्यक्षात जे यांच्या हातचा मसुदा सापडला तो ६४व्याचा. घाईत लिहिलेल्या यादीत एक आकडा चुकतो, तसे आणखीही चुकले असतील. उलट मॅडिसन यांच्या बाजूने सगळ्यात दुबळा पुरावा आहे तो ५५व्या लेखाचा. काही आवृत्त्यांत वादाच्या लेखांवर अजूनही ‘हॅमिल्टन किंवा मॅडिसन’ असे छापलेले दिसते.