डालपुरी खाताना भेटलेली आजी

लोकलमध्ये ऐकताय की भांडी घासता घासता? कुठेही असा, आज ऐकताना भूक लागणार आहे, आधीच सांगून ठेवते.

मागच्या उन्हाळ्यात मी मावसबहिणीकडे टोरोंटोला गेले होते. तिथल्या स्कार्बरो भागात त्रिनिदाद आणि गयानाहून आलेले बरेच लोक राहतात. एका दुपारी ती मला तिथल्या एका ‘रोटी शॉप’मध्ये घेऊन गेली. सहा टेबलं, प्लॅस्टिकच्या खुर्च्या. काउंटरवर ऑर्डर द्यायची आणि नंबर पुकारला की आपला ट्रे आपण उचलायचा. भिंतीवरच्या मेनूत काय? डालपुरी, आलू, चना, गोट करी, डबल्स. मी लगेच फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला : ‘नाव कॅरिबियन, जेवण आपलंच!’ आईचं उत्तर आलं, ‘पुरणपोळीत गूळ घालायला विसरले वाटतं.’

आई फार चुकली नव्हती. डालपुरी म्हणजे मोठी, मऊ, पातळ पोळी आणि आत जिरं घातलेला डाळीचा कोरडा भुगा. फक्त ही डाळ आपल्या हरभऱ्याची नसते, पिवळ्या वाटाण्याची असते. त्या पोळीत बटाटा, चणे किंवा मटणाची करी घालून पाकिटासारखी घडी करतात. कोथिंबिरीच्या जागी ‘शॅडो बेनी’ नावाचा लांब पानांचा पाला. आणि स्कॉच बॉनेट मिरचीचा सॉस. बाईंनी विचारलं, तिखट किती? मी कोल्हापूरची. म्हटलं, घाला भरपूर! दुसऱ्या घासाला पाण्याची बाटली संपली.

बाईंना ते बघून हसू आलं. साठीच्या असतील. मी विचारलं, कुठे शिकलात हे? त्या इंग्रजीत म्हणाल्या, माझ्या आजीकडून. पण त्यात शब्द चक्क ‘आजी’ होता! मी उडालेच. तुम्हाला मराठी येतं? नाही. मग कळलं की त्रिनिदादमध्ये वडिलांच्या आईला आजी म्हणतात, वडिलांच्या वडिलांना आजा, आणि आईकडचे ते नाना-नानी. शब्द भोजपुरीतून आलेले. बाईंना भोजपुरी बोलता येत नाही. त्यांच्याकडे उरलेत ते नात्यांचे आणि स्वयंपाकाचे शब्द.

मग त्या सहज म्हणाल्या, “तुमच्याकडचे लोक येतात आणि सांगतात, ही खरी रोटी नव्हे.” मला ग्रुपवरचा माझा मेसेज आठवला. मी तर उलटं म्हटलं होतं, हे आपलंच. पण दोन्हीकडे त्यांची आजी गायबच होती ना?

म्हणून परत आल्यावर वाचायला बसले. तर गोष्ट अशी आहे.

ब्रिटिश साम्राज्यात १८३४ मध्ये कायद्याने गुलामगिरी संपली, आणि १८३८ मध्ये सक्तीची उमेदवारीही संपली. मग उसाच्या मळ्यांत राबणार कोण? मळेवाल्यांनी भारताकडे पाहिलं. गयानात पहिली जहाजं १८३८ मध्ये पोहोचली. त्रिनिदादसाठी ‘फतेल रझाक’ हे जहाज १६ फेब्रुवारी १८४५ ला कलकत्त्याहून सुटलं आणि ३० मे रोजी पोहोचलं. एकशे तीन दिवस! पुढे १९१७ पर्यंत एकट्या त्रिनिदादला सुमारे १ लाख ४४ हजार माणसं गेली, बहुतेक बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातली. आपल्या कोकणातली माणसंही अशाच करारावर गेली, पण ती मुख्यतः मॉरिशसला.

करार पाच वर्षांचा. परवाना न घेता मळा सोडला तर दंड किंवा थेट तुरुंग. म्हणजे बघा, नोकरीवर दांडी मारली म्हणून कैद! शिधा म्हणून तांदूळ, डाळ, तेल किंवा तूप, मीठ, हळद असं मोजून मिळायचं. जहाजावर जातपात विसरून एकत्र जेवावं लागलं, आणि त्यातून नवं नातं तयार झालं : ‘जहाजी भाई’, ‘जहाजी बहीण’. करार संपल्यावरही बहुतेक जण परतले नाहीत, तिथलेच झाले.

बिहारकडे दालपुरी हा सणासुदीचा पदार्थ. मळ्यावरच्या बायकांनी हाताशी होतं त्यात तो पुन्हा उभा केला. तव्याला तिथे अजूनही ‘तवा’च म्हणतात आणि फोडणी देण्याला ‘चुंके’, म्हणजे आपल्या हिंदीवाल्यांचं छौंकणं. पण म्हणून त्याचा कौतुकसोहळा झाला असं नाही. बाई सांगत होत्या, शाळेत बाकीची मुलं पाव आणायची आणि त्या डबा झाकून रोटी खायच्या. आज तीच रोटी त्रिनिदादमध्ये सगळेच खातात, आफ्रिकी वंशाचे लोकही. तव्यावर फाडून चुरलेल्या पराठ्याला तर त्यांनी ‘बस्सप शट’ असं नाव पाडलंय, म्हणजे फाटका शर्ट!

आता यात आपला एक माणूस येतो. गोपाळ कृष्ण गोखले. त्यांनी मार्च १९१२ मध्ये ही करारी मजुरी पूर्ण बंद करावी असा ठराव केंद्रीय कायदेमंडळात मांडला. सरकारी बहुमतापुढे तो पडला. पण विषय मिटला नाही. गोखले १९१५ मध्ये गेले. १९१७ मध्ये मजूर पाठवणं थांबलं आणि १ जानेवारी १९२० ला उरलेले करारही रद्द झाले. शाळेत आपण गोखल्यांना ‘मवाळ’ या एका शब्दात उरकतो, नाही का?

बाईंच्या आजीचं भारतातलं गाव कुठलं, ते त्यांच्या घरात कुणालाच ठाऊक नाही. कागद हरवले, भाषा गेली. राहिलं ते जिरं किती भाजायचं आणि पोळी किती पातळ लाटायची, एवढंच. हे ‘आपलं’ जेवण नव्हे. ते त्या आजीचं आहे, आणि तिने ते फार महागात मिळवलंय.

त्या रात्री मी ग्रुपवरचा मेसेज डिलीट केला आणि आईला नऊ मिनिटांची व्हॉइस नोट पाठवली. आजचा भाग त्यातूनच तयार झाला. आईचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं : ‘त्या बाईंना विचार, पोळी फुटू नये म्हणून काय करतात?’

विचारायचं राहिलंय. पुन्हा गेले की नक्की विचारीन. तोवर तुमच्या घरात असा एखादा पदार्थ आहे का, जो कुणीतरी कुठून तरी सोबत आणलाय? जेवताना घरी विचारून बघा. भेटूया पुढच्या भागात!