मंगात्ता

मंगात्ता : दरोड्याच्या कथानकावर बेतलेला तमिळ साहसपट. दिग्दर्शक वेंकट प्रभू, निर्माते दयानिधी अळगिरी, संगीत युवन शंकर राजा, छायालेखन शक्ती सरवणन. प्रमुख भूमिकांत अजित कुमार, अर्जुन, त्रिशा, वैभव, प्रेमजी अमरन, अश्विन, महत, अंजली, आंड्रिया आणि जयप्रकाश. ३१ ऑगस्ट २०११ रोजी, ईदच्या दिवशी आणि गणेशचतुर्थीच्या आदल्या दिवशी, तो प्रदर्शित झाला. नाव पत्त्यांच्या जुगारावरून घेतलेले आहे. आपल्याकडे तो अंदर-बाहर म्हणून खेळला जातो. अजितचा हा पन्नासावा चित्रपट, त्यामुळे त्याच्या यशाची नोंद करताना बहुतेकांनी श्रेय नटाच्या लोकप्रियतेला देऊन विषय संपवला. हे स्पष्टीकरण अपुरे आहे. तमिळ पडद्यावरच्या चोराला तोवर चोरी करण्यासाठी काहीतरी सत्कारण दाखवावे लागत असे. 'मंगात्ता'ने ती अट मोडली आणि प्रेक्षकांनी ते मोडणे उचलून धरले. त्या काळच्या तमिळ चित्रपटांत त्याचे वेगळेपण इथे आहे.

ही अट किती जुनी होती ते पाहण्यासाठी १९५४ सालच्या 'मलैक्कळ्ळन'पर्यंत मागे जावे लागते. एम. जी. रामचंद्रन यांचा हा डाकू श्रीमंतांना लुटून गरिबांचे भले करी. मराठी वाचकाला तो 'आझाद' (१९५५) या हिंदी अवताराने ठाऊक असतो. दिलीपकुमारचा आझाद आणि सी. रामचंद्र यांची गाणी त्याच कथेवर उभी आहेत. 'मलैक्कळ्ळन'चे संवाद एम. करुणानिधी यांनी लिहिले होते, आणि 'मंगात्ता'चा निर्माता त्यांचाच नातू. इतिहासाला असे योगायोग आवडतात. पुढे १९९३ मध्ये शंकर यांच्या 'जेंटलमन'ने ही परंपरा आणखी घट्ट केली. पापडाच्या धंद्याआड दरोडे घालणारा नायक त्या पैशातून गरीब मुलांसाठी महाविद्यालय उभारतो. त्याच्या चोरीमागे लाचखोरीने उद्ध्वस्त झालेली माणसे आहेत, आणि शेवटी तो शिक्षाही भोगतो. प्रेक्षकाने चोराची बाजू घ्यायची तर आधी त्याला रडवायचे, असा हा हिशेब. तो नायक अर्जुनने रंगवला होता. 'मंगात्ता'त दरोडेखोरांच्या मागावरचा प्रामाणिक पोलीस अधिकारी म्हणून त्यालाच उभा केला आहे, आणि या निवडीचा उपयोग दिग्दर्शकाने अखेरीस पुरेपूर करून घेतला आहे.

कथा मुंबईत घडते. विनायक महादेवन (अजित) हा महाराष्ट्र पोलिसांतला निलंबित अधिकारी. सट्टेबाजीचा बीमोड करण्यासाठी पृथ्वीराज (अर्जुन) याच्या हाताखाली खास पथक नेमलेले आहे. आयपीएलवरच्या सट्ट्याचे पाचशे कोटी रुपये अरुमुग चेट्टियार याच्या अड्ड्यातून पुढे जाणार आहेत आणि धारावीत वावरणाऱ्या चार तरुणांनी ते उडवायचा बेत रचला आहे. विनायक त्यांना गाठून पाचवा भागीदार होतो. इथपर्यंतची मांडणी दरोडापटाच्या ठरीव वाटेने जाते. मग एका प्रसंगात तो एकटा दारू पीत बसलेला असताना या चौघांना संपवून सगळी रक्कम आपण एकट्याने गिळायची, हे स्वतःशी हसत बोलतो. नायकाच्या मनातले कपट त्याच्या साथीदारांना कळण्याआधी प्रेक्षकाला कळते, आणि तिथून पुढे प्रेक्षक चौघांचा राहत नाही, विनायकचा होतो. प्रेयसीच्या डोळ्यांदेखत तिच्या बापाला, म्हणजे चेट्टियारला, गाडीतून ढकलून देणारा माणूस नायक म्हणून चालतो तो या आगाऊ भागीदारीमुळे. शेवटी कळते की विनायक आणि पृथ्वीराज जुने मित्र आहेत आणि डाव दोघांनी मिळून रचला होता. म्हणजे ज्याला सगळे ठाऊक आहे असे वाटत होते त्या प्रेक्षकालाही पत्ता लपवून खेळवले गेले. 'जेंटलमन'चा सज्जन चोर इथे पोलिसाच्या गणवेशात परत येतो आणि मुळात सज्जन नसतो. या उलगड्याला मिळालेल्या शिट्ट्या अर्ध्या अर्जुनच्या होत्या.

पहिला आक्षेप नटाच्या नावाचा. अजितचे चाहते काहीही डोक्यावर घेतात, असे म्हटले जाते. पण त्याआधीचा 'असल' (२०१०) त्यांनी डोक्यावर घेतला नव्हता. शिवाय एप्रिल २०११ मध्ये अजितने आपले अधिकृत चाहते-संघच बरखास्त केले होते. संघटित गर्दीचा आधार त्याने स्वतःहून सोडला आणि चार महिन्यांनी हा चित्रपट आला. दुष्टपणा त्याला नवा नव्हता. 'वाली' (१९९९) मध्ये तो खलनायक होता, पण जुळा सज्जन भाऊही तोच होता. 'बिल्ला' (२००७) मध्ये डॉनच्या जागी त्याचा निरुपद्रवी तोतया येतो. दुहेरी भूमिकेची ही सोय म्हणजे नटाच्या प्रतिमेचा विमाच. 'मंगात्ता'त तो उतरवलेला नाही. केस पांढरे, वय चाळीस आणि ते लपवण्याची खटपट शून्य. वर किती दिवस चांगुलपणाचे सोंग करायचे, असा सवाल तोच करतो. चाहत्यांनी तो पात्राचा आणि नटाचा असा दोघांचाही मानला. उलट पुढच्याच वर्षी 'बिल्ला २'मध्ये तोच नट, तशीच नीतिशून्य भूमिका होती, आणि स्वागत कोमट झाले. तिथे नायक फक्त क्रूर होता. प्रेक्षकाशी कुठला डाव मांडत नव्हता. तेव्हा नट आणि दुष्टपणा हे दोन्ही असूनही काम भागत नाही, हे त्याच नटाने दाखवून दिले.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. गुन्हेगार सुटतात, पैसा पचतो, सिगारेट आणि दारू पडद्यावर सतत, आणि हे सगळे सणासुदीला सहकुटुंब पाहायचे. यातला दारूचा मुद्दा मान्यच करावा लागतो. चित्रपट तिचा सोहळा करतो आणि एक अख्खे गाणे तिला वाहून टाकतो. नीतीच्या मुद्द्यावर मात्र चित्रपट दिसतो तितका धाडसी नाही. लुटलेला पैसा सट्टेवाल्यांचा आहे. कुणा ठेवीदाराची पुंजी बुडत नाही, कुठल्या पेन्शनरावर वेळ येत नाही. सत्कारण काढून टाकले तरी पैशाचा धनी आधीच पापी निवडला आहे. स्थळाची निवडही तशीच सोयीची. भ्रष्ट अधिकारी तमिळनाडूचा नाही, आपल्याकडचा. हा मान महाराष्ट्र पोलिसांना बहाल करून दिग्दर्शकाने घरच्या खात्याला धक्का लागू दिलेला नाही. धारावीत तमिळ वस्ती मोठी आणि पिढ्यान्‌पिढ्यांची आहे, आणि 'नायकन'पासून (१९८७) तमिळ पडद्याला तिची ओळख आहे; त्यामुळे ही योजना ओढूनताणून आणल्यासारखी वाटत नाही. पण 'नायकन'ने त्या वस्तीकडे पाहिले होते, 'मंगात्ता' तिचा फक्त आडोसा घेतो. आयपीएलच्या सट्ट्याचा धागा तेव्हा चित्रपटी वाटला असेल. २०१३ मध्ये खरे प्रकरण उघडकीस आले आणि त्यातून चेन्नई व राजस्थान हे संघ दोन हंगामांसाठी निलंबित झाले, तेव्हा तो तसा राहिला नाही.

समीक्षकांनी काढलेले दोष टिकणारे आहेत. पूर्वार्ध रेंगाळतो. अडीच तासांवर गेलेल्या लांबीत गाणी वेग तोडतात, आणि युवनच्या पार्श्वसंगीताने कमावलेला ताण त्याच्याच गाण्यांमुळे दोन-तीनदा वाया जातो. स्त्रीपात्रे तर नावालाच आहेत. त्रिशाची संजना विनायकला चेट्टियारपर्यंत पोचवण्यापुरती उपयोगी, अंजली आणि आंड्रिया नवऱ्यांची वाट पाहण्यापुरत्या. प्रेक्षकाला फसवण्यात इतकी हुशारी दाखवणाऱ्या पटकथेला यातल्या एकीच्याही हाती एक पत्ता देणे सुचले नाही, हा तिचा खरा कमकुवतपणा.

'मंगात्ता'ने घेतलेली सूट पुढे तमिळ व्यावसायिक चित्रपटाने सरसकट स्वीकारली नाही. एच. विनोद दिग्दर्शित 'तुनिवू'त (११ जानेवारी २०२३) अजित पुन्हा दरोडेखोर झाला, पांढरे केस आणि मिश्किल हसू तसेच ठेवून. पण तिथे बँक लुटणारा माणूस बँकेने ठेवीदारांना कसे फसवले याचा पाठ प्रेक्षकाला देतो. चोराकडे सत्कारण परत आले. तोही चित्रपट चालला. दरोडापट म्हणून दोहोंत सरस 'मंगात्ता'च.