पक्की खोली

अकोल्यात रिक्षावाल्याला ‘पक्की खोली’ एवढं सांगितलं की पुरतं. तो तुम्हाला सिंधी कॅम्पात आणून सोडतो. त्याच कॅम्पात ‘कच्ची खोली’ही आहे. आज तिथं सिमेंटची घरं आहेत, खाली दुकानं, दारात गाड्या. मग वस्तीला खोलीचं नाव का, आणि त्यातही कच्ची-पक्की का, हे कळायचं असेल तर १९४८ सालात जावं लागेल. चला. सामान घेऊ नका. ज्यांच्या सोबतीनं जायचं आहे, त्यांच्याकडेही फारसं नाही.

फेब्रुवारीचा शेवट आहे. मुंबईहून नागपूरकडे निघालेल्या गाडीच्या तिसऱ्या वर्गात तुम्ही खिडकीशी बसला आहात. वय वर्षं बारा. गाव हैदराबाद, निजामाचं नव्हे, सिंधमधलं. शेजारी अमां, तिच्या मांडीवर धाकटा भाऊ, समोर बाबा आणि पलीकडे मासीचं बिऱ्हाड. हे कुटुंब कुणा एकाचं नाही. त्या पिढीनं नातवंडांना जे सांगितलं, त्यातून ते उभं केलं आहे.

६ जानेवारीला कराचीत दंगल झाली आणि ‘थोडे दिवस थांबून पाहू’ म्हणणाऱ्या बाबांचा धीर सुटला. बंदरावर गाठोडी उसकटली गेली. दागिने राहिले नाहीत, पितळेची परात राहिली नाही. राहिली ती लाल कापडी पुठ्ठ्याची लांबट वही. शाही बाजारातल्या दुकानाची उधारी त्यात हटवाणिका लिपीत लिहिली आहे. सिंधी दुकानदारांची ही जुनी लिपी, बरेचदा काना-मात्रा गाळूनच लिहायची. तपासणाऱ्याला ती वाचता आली नाही. त्यानं वही उलटसुलट केली आणि परत फेकली. ती निम्मी भरलेली आहे, निम्मी कोरी. बाबा ती मांडीवरून खाली ठेवत नाहीत. तिच्यातला एक रुपयाही आता वसूल व्हायचा नाही, हे त्यांना ठाऊक आहे.

त्यांच्या बंडीच्या खिशात सहाव्या जॉर्जचं चित्र असलेल्या थोड्या नोटा आहेत. देश दोन झाले, पण नोट अजून एकच आहे. रिझर्व्ह बँकेची तीच नोट कराचीत चालते आणि मुंबईतही. माणसांची वाटणी आधी झाली, नोटांची व्हायची आहे.

डब्यात मोठी माणसं एकच विषय पुन्हा पुन्हा काढतात. पंजाबचे दोन तुकडे झाले, बंगालचेही झाले. पंजाब्याला अर्धा पंजाब उरला, बंगाल्याला अर्धा बंगाल. सिंध अख्खा पलीकडे गेला. ज्याला आपलं म्हणावं असा प्रांतच अलीकडे राहिला नाही. म्हणून जिथं जागा निघेल तिथं माणसं पाठवली जात आहेत. कुणी कल्याणला, कुणी देवळालीला, कुणी कोल्हापूरजवळ वळीवड्याला आणि कुणी इकडे मध्य प्रांत-वऱ्हाडात.

शेगाव मागे पडतं. बाहेर काळी जमीन आहे, वेचून झालेल्या पऱ्हाटीच्या वाळक्या काड्या आहेत, आणि मधूनच एखादा पळस पेटलेला दिसतो. अकोल्याला गाडी थांबते. यादी वाचली जाते. मासीचं नाव अकोल्याच्या यादीत आहे, तुमचं अमरावतीच्या. अमां आणि मासी एकमेकींचे हात धरून उभ्या राहतात. इंजिन शिट्टी देतं तरी सुटत नाहीत. अकोला ते बडनेरा अंतर पन्नासेक मैल. पण दोघींपैकी एकीनंही ही दोन्ही नावं गेल्या आठवड्यापर्यंत ऐकलेली नव्हती. पन्नास मैल की पाचशे, हे त्यांना कोण सांगणार?

बडनेऱ्याला गाडी बदलायची. तिथून फाट्यावरच्या गाडीनं अमरावती सहा मैल.

आता कॅम्प. एका लांबलचक खोलीत गोणपाटाचे पडदे लावून सहा बिऱ्हाडं केली आहेत. पलीकडच्या माणसानं कूस बदलली तरी पडदा हलतो. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात ऊन तापायला लागतं आणि तुम्हाला हैदराबादच्या घराचं छप्पर आठवतं. तिथं प्रत्येक छपरावर मंघ असायचे, नैऋत्येचा वारा धरून खाली खोलीत सोडणारे. इथं वारा येतो तो दारातून, धुळीसकट.

कॅम्पातल्या पहिल्याच संध्याकाळी शेजारच्या वस्तीतली एक म्हातारी दाराशी येते. नऊवारी, कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात पदराखाली झाकलेली टोपली. अमां उठून उभी राहते. दोघींना एकमेकींचं बोलणं येत नाही.

“बस वो माय, बस,” म्हातारी म्हणते. “लेकराले भूक लागली असन.”

टोपलीत ज्वारीच्या भाकरी आहेत आणि गाडग्यात तुरीचं वरण. भाऊ पहिला घास घेतो, त्याला ठसका लागतो. अमां घाबरून म्हणते, “पाणी! पाणी!”

म्हातारी थबकते, मग तिचा चेहरा उजळतो. “पानी पाह्यजे व्हय?” सिंधीत पाणी ‘ण’चं, वऱ्हाडीत ‘न’चं. तेवढाच फरक. एका अक्षराच्या अंतरावर दोन बाया एकमेकींना सापडतात. अमांजवळ द्यायला काहीच नसतं. बोचक्याच्या तळाशी चार पापड उरलेले असतात. ती एक भाजते आणि पाण्याच्या लोट्यासोबत म्हातारीपुढे ठेवते. सिंध्याच्या घरी पाहुण्याला असाच मान देतात. गोणपाटाचा पडदा असला तरी ते आता घर झालेलं असतं.

सगळेच दिवस असे नसतात. नळावर कुणीतरी ‘निर्वासित’ हा शब्द शिवीसारखा वापरतो. बाजारातले जुने दुकानदार नाराज आहेत, कारण नव्यानं आलेली माणसं रस्त्यावर चादर अंथरून त्यांच्याहून स्वस्त विकत आहेत. बाबा कसे विकतात ते जवळून पाहा. साबणाची एक लाकडी पेटी घाऊक भावानं आणतात. वड्या खरेदीच्याच भावात विकतात, वर एक पैही घेत नाहीत. संध्याकाळी रिकामी पेटी विकतात. तिचे जे काही आणे येतील तो दिवसाचा नफा. दुसऱ्या दिवशी सकाळी वड्यांच्या पैशांत पुन्हा पेटी. गिऱ्हाईक जोडायचं, माल फिरता ठेवायचा, स्वतः अर्धपोटी राहायचं, असं ते गणित आहे. अमां घरोघर पापड नेते. तुम्ही शाळा सुटल्यावर चादरीशी बसता.

एका रात्री बाबा लाल वही उघडतात. भरलेली पानं उलटतात, कुठंही थांबत नाहीत. पहिल्या कोऱ्या पानावर वर अमरावतीचं नाव घालतात आणि खाली एकच रक्कम लिहितात: सहा आणे. मग तुम्हाला जवळ बोलावून बोट धरून हटवाणिकाची अक्षरं गिरवायला लावतात. “शाळेत जे शिकवतील ते शीक. हेही येऊ दे.”

शाळा म्युनिसिपालिटीची आहे. गुरुजी पाटीवर नाव लिहायला सांगतात. सिंधच्या शाळेत तुम्ही अरबी वळणाची सिंधी शिकलात, बावन्न अक्षरांची. तुम्ही पाटीच्या उजव्या कडेला पेन्सिल टेकवता आणि डावीकडे निघता. मागून हसू फुटतं. गुरुजी हसत नाहीत. शेजारी मांडी घालून बसतात, तुमची मूठ आपल्या मुठीत घेतात आणि डाव्या कडेपाशी आणतात. “इथून. अन् वरून रेघ.” बारा वर्षांच्या मुलाला पुन्हा पहिलीच्या बाकावर बसावं लागतं.

गुरुजींना आणि तुम्हाला दोघांनाही एक गोष्ट ठाऊक नाही. सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यातच होता. कराचीत १८५५ मध्ये सुरू झालेल्या सरकारी शाळेला पुढे नाव मिळालं ते नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याचं. याच वैद्यांनी १८६८ च्या सुमारास सिंधी दुकानदारांच्या लिपीला शाळेत शिकवण्याजोगी घडी बसवण्याचं काम केलं. एका मराठी माणसानं सिंधी मुलांची अक्षरं नीट लावली. ऐंशी वर्षांनी अमरावतीतले गुरुजी एका सिंधी मुलाचा हात धरून तेच करत आहेत.

इतवारा बाजारात अमांसोबत जा. तिला कोथिंबीर हवी आहे. ती ‘धाणा’ मागते. भाजीवाली सुके धणे दाखवते. अमां हातानं हिरवी पानं काढून दाखवते. “मंग सांबार म्हन ना वो!” भाजीवाली जुडी पुढे करते आणि वर दोन काड्या जास्त घालते. पुण्या-मुंबईचा माणूसही या शब्दापाशी अडखळतो. अमां मात्र त्या दिवसापासून सांबारच म्हणते.

एप्रिलमध्ये चैत्र लागतो. सकाळी शेजारच्या वस्तीत दारोदार गुढ्या दिसतात. याच सुमारास तुमचा चेटीचंड येतो, झुलेलालचा जन्मदिवस. सिंधूकाठी दिवा पाण्यात सोडायचा असतो. इथं सिंधू नाही, म्हणून विहिरीच्या पाण्यानं भरलेल्या परातीत कणकेचा दिवा सोडतात. रात्री कुणीतरी पायात घुंगरू बांधून भगत, म्हणजे नाचत गायची सिंधी भक्तिगीतं, गातो. नाव निघतं संत कंवररामांचं. गाऊन मिळालेलं दान गरिबांना वाटून टाकणाऱ्या या संताची १ नोव्हेंबर १९३९ रोजी सिंधमधल्या रुक स्टेशनवर गोळ्या घालून हत्या झाली होती. गाणारा थांबतो, कॅम्प रडतो. अमरावतीतल्या कंवर नगराला नाव आहे ते याच संताचं.

आता वर्षं भराभर जाऊ द्या. १९ जुलै १९४८ च्या आत आलेल्यांना पुढे राज्यघटनेनं सरळ नागरिक मानलं. तुम्ही त्यात बसलात. १९५४ मध्ये विस्थापितांच्या भरपाईचा आणि पुनर्वसनाचा कायदा झाला. बाबा शाही बाजारातल्या दुकानाचं मोजमाप आठवून आठवून दाव्याच्या कागदावर लिहितात. गोणपाटाच्या जागी विटा येतात, मातीच्या भिंतीच्या जागी चुन्याची भिंत. मासी अकोल्याहून आनंदानं निरोप पाठवते, ‘आमची खोली पक्की झाली.’ १ मे १९६० ला वऱ्हाड महाराष्ट्रात येतं, तेव्हा तुम्ही चोवीस वर्षांचे आहात आणि दुकानात मराठी गिऱ्हाइकाशी वऱ्हाडीतच बोलता. १९६७ मध्ये सिंधीला राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात जागा मिळते. स्वतःचं राज्य नसलेल्या भाषेला मिळालेला तो मोठा मान. घरात मात्र तुमची मुलं तोवर सिंधीत ऐकतात आणि हिंदी-मराठीत उत्तर देतात.

आता परत या.

आज अमरावतीच्या रामपुरी कॅम्पातून आणि त्याच्या आजूबाजूच्या मराठी घरांतूनही मुलं मेलबर्नला, सिडनीला जातात. त्यांच्या आया नागपूरच्या विमानतळावरून रिकाम्या हातानं परततात आणि रात्री मोबाइलच्या पडद्यावर नातवंडाला हाका मारतात. तिकडे ती मुलंही पहिलीच्या बाकावर बसल्यासारखीच असतात. उच्चार नवे, ऋतू उलटे, दुकानात सांबाराला काय म्हणायचं इथपासून सुरुवात. त्यांच्याजवळ व्हिसा आहे आणि मागे उघडं घर आहे. १९४८ च्या गाडीतल्या माणसांजवळ यातलं एकही नव्हतं. तरी अनोळखी गावात पहिल्या संध्याकाळी कुणीतरी टोपली घेऊन दाराशी यावं, ही गरज दोघांची सारखीच. आपल्या मुलांना परदेशात असा शेजार मिळावा असं आपल्याला मनापासून वाटत असेल, तर आपल्या गावात आलेल्या परक्याशी आपण कसे वागतो, याचा हिशेब आपण द्यायला हवा. वऱ्हाडानं त्या वेळी टोमणेही मारले आणि भाकरीही दिली. लक्षात राहिली ती भाकरी.

बारा वर्षांच्या ज्या डोळ्यांनी तुम्ही हा प्रवास केलात, ते डोळे आता नव्वदीला टेकले आहेत. अकोल्यात, अमरावतीत अशी माणसं अजून आहेत. संध्याकाळी ओट्यावर बसतात, कुणी विचारलं तर बोलतात. त्यांच्याकडे जा. पापड आणि पाणी पुढे येईल, नको म्हणू नका. हैदराबाद, सक्कर, शिकारपूर, जे गाव असेल त्याचं नाव विचारा. कपाटात एखादी लाल वही असेल तर ती काढायला लावा आणि त्यांच्याच तोंडून वाचून घ्या. घरातल्या नातवंडांना ती अक्षरं येत नाहीत, आणि ती वाचणारी माणसं आता फार थोडी उरली आहेत.