कलम, चिन्ह आणि प्रश्नोत्तर : गुदसुखविषयक ज्ञानाचा इतिहास

मराठीत गुदद्वाराला दुखण्याची भाषा आहे. मूळव्याध, भगंदर, बद्धकोष्ठ हे शब्द घराघरांत उच्चारले जातात. त्याला शिवीची भाषा आहे, आणि कायद्याचीही आहे. सुखाची भाषा मात्र त्याच्या वाट्याला आलेली नाही. हा अभाव केवळ संकोचातून आलेला आहे असे मानले, तर त्याचा इतिहास दृष्टीआड होतो. एखाद्या अवयवाविषयी कोणी बोलावे, कोणत्या लेखनप्रकारात बोलावे आणि कोणाला उद्देशून बोलावे, हे त्या त्या काळातील सत्तासंबंधांनी ठरत आले आहे. सूत्रग्रंथातील नोंद, दंडसंहितेतील कलम, न्यायवैद्यकातील चिन्ह, नियतकालिकातील प्रश्नोत्तर आणि आरोग्यविषयक मार्गदर्शिका हे या विषयाचे पाच लेखनप्रकार होत. त्यांच्या क्रमाचा शोध म्हणजेच या ज्ञानाचा इतिहास.

पहिला प्रकार नोंदीचा. वात्स्यायनाने 'कामसूत्रा'च्या सांप्रयोगिक अधिकरणात, संवेशनाचे प्रकार सांगून झाल्यावर, गुदमैथुनाचा 'अधोरत' या नावाने त्रोटक उल्लेख केला आहे व तो दाक्षिणात्यांचा आचार असल्याचे म्हटले आहे. या नोंदीचे दोन विशेष आहेत. पहिला, तिच्यात धिक्कार नाही. देशोदेशींचे आचार सांगताना जो समतोल स्वर वात्स्यायन राखतो, तोच येथेही आहे. दुसरा, हा आचार 'त्यांचा' आहे, ग्रंथकर्त्याच्या नागरकाचा नव्हे. याच अधिकरणात महाराष्ट्रातील स्त्रियांच्या आवडीनिवडींची स्वतंत्र नोंद असल्यामुळे 'दाक्षिणात्य' या संज्ञेच्या सीमा नेमक्या कोठे आखायच्या हा प्रश्न उरतोच. परंतु आचाराला दूरचा पत्ता देण्याची प्रवृत्ती लक्षणीय आहे. ती एकट्या वात्स्यायनाची नाही. इंग्रजीत या कृत्यासाठी रूढ झालेला 'बगरी' हा शब्द मध्ययुगातील 'बल्गेरियन' पाखंड्यांच्या नावावरून आला. ही कृती नेहमीच कोणा दुसऱ्या प्रांताची, दुसऱ्या पंथाची असते.

वात्स्यायनाने मांडलेला एक पद्धतिविचार येथे महत्त्वाचा ठरतो. मुखमैथुनाच्या संदर्भात तो म्हणतो की, शास्त्रात एखाद्या गोष्टीचे वर्णन आले एवढ्यावरून ती आचरावी असे होत नाही. वैद्यकात कुत्र्याच्या मांसाचेही गुणधर्म सांगितलेले असतात. वर्णन आणि विधी यांतील हा भेद म्हणजे लैंगिक ज्ञानाच्या स्वायत्ततेचा दाखलाच होय. ज्ञान असणे म्हणजे अनुज्ञा देणे नव्हे, आणि अज्ञान राखणे म्हणजे संयम नव्हे. पुढे ज्या ज्या काळी हा भेद पुसला गेला, त्या त्या काळी माहितीच गुन्हेगार ठरली.

भारतीय परंपरा सर्वस्वी उदार होती असा निष्कर्ष यावरून काढणे मात्र भाबडेपणाचे ठरेल. कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'त स्त्रीशी अयोनिमैथुन करणाऱ्याला आणि पुरुषाशी मैथुन करणाऱ्याला पूर्वसाहसदंड, म्हणजे तीन साहसदंडांपैकी सर्वांत खालचा दंड, सांगितला आहे. धर्मशास्त्रात प्रायश्चित्ते आहेत. परंतु द्रव्यदंड, स्नान आणि व्रत यांची ही व्यवस्था एका बाजूला, आणि आठव्या हेन्रीच्या काळातील १५३३ चा इंग्रजी कायदा दुसऱ्या बाजूला, यांत मोठे अंतर आहे. त्या कायद्याने ठरवलेली मृत्यूची शिक्षा इंग्लंडमध्ये १८६१ पर्यंत कायद्यात टिकून होती.

दुसरा प्रकार कलमाचा. मेकॉलेच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने १८३७ मध्ये भारतीय दंडसंहितेचा मसुदा सादर केला. इतर अनेक कलमांना उदाहरणे आणि स्पष्टीकरणे जोडणाऱ्या या मसुद्याने ३६१ व ३६२ या दोन कलमांपाशी येऊन मौन स्वीकारले. या किळसवाण्या विषयावर जाहीर चर्चा उद्भवेल असे काहीही लिहिण्याची आपली इच्छा नाही, अशा आशयाचा खुलासा तेथे आहे. मौन हेच कायद्याचे धोरण झाल्याचे हे विरळ उदाहरण होय. तथापि त्या मसुद्यात एक विवेक होता. संमतीने घडलेल्या कृत्यासाठी एक आणि संमतीविना घडलेल्या कृत्यासाठी दुसरे, अधिक कठोर, अशी दोन कलमे होती. १८६० मध्ये संमत होऊन १ जानेवारी १८६२ रोजी अमलात आलेल्या दंडसंहितेच्या ३७७ व्या कलमात हा भेद नाहीसा झाला. 'निसर्गक्रमाविरुद्ध' एवढाच निकष उरला आणि संमती असंबद्ध ठरली. त्यानंतरच्या दीड शतकाच्या इतिहासाची नाडी या लोपात आहे.

कलमाने जे नाव घेऊन सांगितले नाही, ते शोधण्याचे काम न्यायवैद्यकाकडे आले. हा तिसरा प्रकार, चिन्हाचा. ऑग्युस्त तार्द्यू या फ्रेंच वैद्याने १८५७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या न्यायवैद्यकीय अभ्यासात, गुदमैथुनाची सवय असलेल्या व्यक्तीचे गुदद्वार नरसाळ्यासारखे होते, असा सिद्धान्त मांडला. तो निराधार होता. पण त्याचा प्रवास दूरवर झाला. १८८४ मधील महाराणी विरुद्ध खैराती या अलाहाबाद उच्च न्यायालयातील खटल्यात याच पद्धतीने शरीराचे वाचन झालेले दिसते. स्त्रीवेषात गाणाऱ्या खैरातीला पोलिसांनी पकडले व वैद्यकीय तपासणीत गुदद्वाराचा आकार तुतारीसारखा असल्याची नोंद झाली. कृत्य कोठे, केव्हा, कोणाबरोबर घडले याचा काहीच पुरावा नसल्याने उच्च न्यायालयाला त्याची सुटका करावी लागली. मात्र अशा व्यक्तींना आवर घालण्याची पोलिसांची इच्छा न्यायालयाने प्रशंसनीयच मानली. येथे कृतीची जागा व्यक्तीने घेतली आहे आणि साक्षीची जागा अवयवाने. मिशेल फूको याने १९७६ मध्ये लैंगिकतेच्या इतिहासाच्या पहिल्या खंडात ज्या स्थित्यंतराचे विवेचन केले, त्याची वासाहतिक आवृत्ती या एका निकालपत्रात वाचता येते. फूकोने मौनाची आणि दडपणुकीची रूढ कल्पना नाकारून बोलते करण्याच्या तंत्रांवर भर दिला होता. वसाहतीत मात्र दोन्ही एकत्र नांदले: विधिमंडळ गप्प राहिले, आणि शवविच्छेदनाची शिस्त लाभलेले वैद्यक जिवंत माणसाच्या अंगावर अक्षरे शोधत राहिले.

ही दृष्टी केव्हाच अस्तंगत झाली असे समजण्याचे कारण नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२४ च्या ऑगस्टअखेरीस जाहीर केलेल्या न्यायवैद्यकाच्या अभ्यासक्रमात गुदमैथुन आणि स्त्रीसमलैंगिकता यांना पुन्हा 'अनैसर्गिक लैंगिक गुन्ह्यां'त स्थान मिळाले होते. टीका झाल्यावर थोड्याच दिवसांत तो मागे घेण्यात आला.

चौथा प्रकार प्रश्नोत्तराचा. त्याचा मराठीशी थेट संबंध आहे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले आणि १९२७ च्या जुलैपासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवले. या मासिकातील वाचकांच्या प्रश्नांचे सदर हा मराठी ज्ञानव्यवहारातील एक अपूर्व प्रयोग होता. शास्त्रग्रंथात तज्ज्ञ बोलतो व वाचक ऐकतो. खटल्यात पोलीस विचारतो व आरोपी उत्तर देतो. येथे प्रथमच शरीराचा धनी स्वतः प्रश्नकर्ता झाला. हस्तमैथुन, समलिंगी आकर्षण यांसारख्या विषयांवरील अशाच प्रश्नोत्तरांवरून १९३४ मध्ये कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला भरला गेला. त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. एखादे लेखन लैंगिक विषयावर आहे एवढ्यानेच ते अश्लील ठरत नाही आणि जिज्ञासूला उत्तर देणे म्हणजे विकृतीचा प्रसार करणे नव्हे, हा त्या युक्तिवादाचा गाभा होता. खटला हरला, कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. वर्णन आणि विधी यांतील जो भेद वात्स्यायनाला सहज वाटला होता, तो विसाव्या शतकातील मुंबईच्या न्यायालयाला मान्य करता आला नाही.

कर्व्यांची भूमिका बुद्धिवादी आणि सुखवादी होती. कोणाचीही हानी होत नसेल तर सुख हे स्वतःच एक मूल्य आहे, ही तिची धारणा होती. ज्ञानाचा आणि सुखाचा असा संबंध गुदद्वाराच्या बाबतीत प्रत्यक्ष जोडला गेला तो मात्र दूर सॅन फ्रान्सिस्कोत. जॅक मोरिन या मानसशास्त्रज्ञाने १९८१ मध्ये गुदसुख आणि आरोग्य यांवर प्रौढांसाठी एक मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. हा पाचवा लेखनप्रकार. तिचे वैशिष्ट्य असे की, तिच्यात शरीराचे वाचन बाहेरून होत नाही. गुदद्वाराभोवती दोन परिसंकोची स्नायू असतात. बाहेरचा इच्छेने आवळता व सैल सोडता येतो. आतला अनैच्छिक मज्जासंस्थेच्या अधीन असतो आणि भीती, घाई, ताण यांना प्रतिसाद देतो. म्हणून आज्ञेने तो शिथिल होत नाही. सावकाश श्वास, ओळखीचा स्पर्श आणि निर्धास्तपणा यांनी होतो. या शारीरशास्त्रातून मोरिनने एक शिक्षणक्रम उभा केला. प्रथम स्वतःच्या शरीराची ओळख, मग ताणाची जाणीव, मग शिथिलता; जोडीदार त्यानंतर. त्याचे मुख्य प्रतिपादन एका वाक्यात सांगता येईल: वेदना ही या सुखाची किंमत नाही, ती थांबण्याची सूचना आहे.

यातून निघणारे व्यावहारिक नियम आज लैंगिक आरोग्याच्या क्षेत्रात सर्वमान्य झाले आहेत. या मार्गात नैसर्गिक ओलावा नसल्याने वंगण भरपूर हवे. तेलकट वंगणाने लॅटेक्सचे निरोध फाटतात, म्हणून त्यांच्यासोबत पाण्याचे किंवा सिलिकॉनचे वंगण वापरावे. बधिर करणारी मलमे टाळावीत, कारण ती दुखापतीची सूचनाच बंद पाडतात. आत घालायच्या साधनाचे बूड रुंद असावे, अन्यथा ते आत सरकून अडकू शकते. गुदमार्गातून योनिमार्गाकडे जाताना निरोध बदलावा. रक्तस्राव झाला किंवा दुखणे टिकले तर लाज न धरता वैद्याकडे जावे. आणि कोणत्याही क्षणी दिलेला नकार अंतिम मानावा. हे नियम दिसायला साधे आहेत. परंतु चिन्हाच्या भाषेत ते मांडताच आले नसते. त्यांचा कर्ता संवेदना अनुभवणारा माणूस आहे.

इतिहासाचा योगायोग असा की, १९८१ च्याच जून महिन्यात अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिकात लॉस एंजेलिसमधील पाच तरुणांच्या दुर्मीळ न्यूमोनियाची नोंद प्रसिद्ध झाली. पुढे एड्स म्हणून ओळखल्या गेलेल्या रोगाची ती पहिली अधिकृत खूण. गुदाशयाचे नाजूक अस्तर विषाणूला सहज वाट देते, हे खरे होते. पण या वैद्यकीय तथ्यावर नैतिक शिक्षेचे रूपक चढायला वेळ लागला नाही. लिओ बेरसानी याने १९८७ मध्ये आपल्या गाजलेल्या निबंधाच्या शीर्षकातच गुदाशय ही कबर आहे काय, असा प्रश्न विचारला तो याच वातावरणात. भारतात १९९४ मध्ये तिहार कारागृहात निरोध वाटण्यास नकार देताना ३७७ व्या कलमाचा आधार घेतला गेला. निरोध दिला तर गुन्ह्याला मान्यता दिल्यासारखे होईल, हा तो तर्क होता. ज्ञान आणि अनुज्ञा यांची गल्लत येथे केवळ तात्त्विक राहिली नाही. ती जीविताशी खेळली.

दिल्ली उच्च न्यायालयाचा २००९ चा निर्णय, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो फिरवणे आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधील संमतीच्या संबंधांना गुन्ह्यातून मुक्त करणे, हा पुढील इतिहास सर्वपरिचित आहे. त्यानंतरच्या स्थितीची चर्चा मात्र पुरेशी झालेली नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ३७७ चे प्रतिरूप नाही. त्यामुळे प्रौढ पुरुषावर झालेल्या बळजबरीसाठी नेमके कलम उरलेले नाही. २०१३ च्या दुरुस्तीने बलात्काराच्या व्याख्येत गुदमार्गाचा समावेश झाला खरा, परंतु पतीला दिलेला अपवाद कायम आहे. पतीने बळजबरीने केलेल्या अशा संभोगानंतर पत्नीचा मृत्यू झाल्याच्या २०१७ च्या प्रकरणात छत्तीसगढ उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये या अपवादाच्या आधारे पतीला दोषमुक्त केले. मेकॉलेच्या मसुद्यातून १८६० मध्ये गळालेली संमती कायद्यात अजून पुरती परतलेली नाही, असाच याचा अर्थ होतो.

या पार्श्वभूमीवर गुदसुखाविषयीचे ज्ञान हा चैनीचा विषय राहत नाही. जिच्यापाशी सुखाचा शब्द नाही, तिला दुखापत तरी कोणत्या शब्दांत सांगता येणार? दुखणे अटळच आहे असे जिने मानले, तिला बळजबरी आणि संभोग यांतील सीमा दाखवता येत नाही. आणि ज्याने तसेच मानले, त्याला थांबण्याचे कारण दिसत नाही. सुखाची भाषा शिकणे म्हणजे नकाराची भाषा शिकणे होय. 'समाजस्वास्थ्या'ला पत्र लिहिणाऱ्या अनाम वाचकांना हे नेमके उमगले होते. त्यांचे प्रश्न दंडास पात्र ठरले त्याला नऊ दशके होऊन गेली. त्या प्रश्नोत्तरांना मराठीत पुन्हा जागा देणे, हे त्या हरलेल्या खटल्याचे राहून गेलेले अपील आहे.