खाँसाहेब आणि खोलीचा कोपरा

गोव्याहून बडोद्याला मावसभावाकडे गेलो की जुन्या रेकॉर्डी ऐकणे ठरलेलेच. या खेपेस उस्ताद फैयाजखाँ लावले. आग्रा घराण्याचा तो भारदस्त आवाज, पण कमरेएवढ्या उंच जुन्या स्पीकरांतून नुसता घुमत होता. भाऊ म्हणाला, "रेकॉर्डच झिजली रे!"

मला ते पटेना. स्पीकर होते अगदी कोपऱ्यात, थेट फरशीवर. कोपऱ्यात खर्ज फुगतो आणि शब्द त्यात बुडतात. आम्ही ते भिंतीपासून दोन फूट पुढे ओढले, तोंडे आमच्याकडे वळवली, खाली जाड रबराचे पाय दिले. पक्क्या फरशीवर रबराने फरक थोडाच पडतो. खरी करामत जागेची. नोमतोममधले एकेक अक्षर सुटे झाले!

या शहराने गाणे जपले होते. सयाजीराव महाराजांच्या काळात १८८६ साली मौलाबक्षांच्या हाताखाली इथे संगीतशाळा निघाली. १९१६ साली पहिली अखिल भारतीय संगीत परिषद इथेच भरली. खाँसाहेब इथलेच दरबारी गवई. १९५० साली इथेच वारले. आणि २००२ च्या दंगलीत इथेच त्यांच्या कबरीची नासधूस झाली.

उरल्या त्या ध्वनिमुद्रिका. त्याही आपण कोपऱ्यात घुसमटवून ठेवायच्या आणि दोष द्यायचा रेकॉर्डला?

भावाने काही न बोलता सुई परत पहिल्यापासून ठेवली.