जुने निरोप परत कसे मिळतात?

आपल्या सोसायटीची पहिली सभा, पाण्याच्या टाकीचा वाद, लिफ्टचं काम, गणेशोत्सव, क्रिकेटचे सामने हे सगळं या स्मरणिकेत इतरांनी लिहिलेलं आहेच. म्हणून मी जरा वेगळा इतिहास घेतला आहे. चार माणसं एकत्र आली की एकमेकांना निरोप पाठवतात, चर्चा करतात, भांडतात, विनोद करतात. त्या निरोपांचं पुढे काय होतं? ते हरवतात कसे, आणि पंधरा-वीस वर्षांनी कुणी शोधायला गेलं तर सापडतात कसे? विषय संगणकाचा दिसतो, पण खरं तर तो आपल्या ऑफिसातल्या लोखंडी कपाटाचाच आहे.

ई-मेलवरची सामूहिक चर्चा व्हॉट्सअ‍ॅपच्या कितीतरी आधीची. अमेरिकेत संरक्षण खात्याच्या पैशावर उभारलेल्या अर्पानेट या जाळ्यावर १९७५ मध्ये ‘मेसेज ग्रुप’ नावाची चर्चा सुरू झाली. विषय काय, तर ई-मेल कसं असावं! एकानं लिहिलं की ते यादीतल्या सगळ्यांना जायचं. आलेली पत्रं कुणीतरी क्रमानं साठवत गेलं, म्हणून ती चर्चा आज पन्नास वर्षांनीही वाचता येते.

पुढे १९८१ मध्ये न्यूयॉर्क आणि येल इथल्या विद्यापीठांनी आपले संगणक जोडून ‘बिटनेट’ सुरू केलं. त्यावर १९८६ मध्ये पॅरिसमधल्या एरिक थॉमस या विद्यार्थ्यानं ‘लिस्टसर्व्ह’ नावाची प्रणाली लिहिली. सभासदांची यादी सांभाळणं, आलेलं पत्र सगळ्यांना वाटणं आणि त्याची एक प्रत दप्तरी ठेवणं, ही तिन्ही कामं ती आपोआप करायची. थोडक्यात, बिनपगारी सेक्रेटरीच म्हणा ना!

जुनं पत्र हवं असेल तर काय करायचं? तेव्हा आजच्यासारखी शोधायची चौकट नव्हती. त्या सेक्रेटरीलाच ई-मेल करायचा. पत्रात ‘इंडेक्स’ हा शब्द आणि पुढे चर्चेचं नाव लिहिलं की फायलींची यादी उलट टपाली यायची. बहुधा दर महिन्याची एक फाइल असे. मग ‘गेट’ लिहून हवा तो महिना मागायचा. आलेली अख्खी फाइल वरपासून खालपर्यंत चाळायची आणि आपलं पत्र शोधायचं. काम किचकट, पण पत्र मिळायचं. कारण ते ठेवलेलं असायचं.

सगळीकडे मात्र ठेवत नसत. १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातून ‘यूजनेट’ सुरू झालं. हे म्हणजे जगभर पसरलेला नोटीस बोर्ड. एका संगणकावर लावलेली चिठ्ठी एकाकडून दुसऱ्याकडे अशी सगळीकडे पोचायची. पण डिस्क महाग, जागा कमी. म्हणून थोड्या दिवसांनी जुन्या चिठ्ठ्या पुसून टाकायचा शिरस्ताच होता. आपल्या नोटीस बोर्डावर दर महिन्याला नवा कागद लागतो आणि जुना केराच्या टोपलीत जातो, तसंच.

कॅनडात टोरांटो विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात हेन्री स्पेन्सर नावाचे गृहस्थ संगणक सांभाळत. त्यांनी पुसण्याआधी चिठ्ठ्या चुंबकीय टेपवर उतरवून ठेवायला सुरुवात केली. १९८१ ते १९९१ अशी दहा वर्षं हे चाललं आणि १४१ टेपा जमल्या. पुढे वेस्टर्न ओंटारिओ विद्यापीठातल्या डेव्हिड वाइजमन यांनी त्या टेपा आपल्याकडे नेल्या. तिथे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी एकेक टेप चालवून मजकूर डिस्कवर घेतला. टेप जुन्या, त्या वाचणारी यंत्रंही दुर्मीळ होत चाललेली. तरीही वीस लाखांवर चिठ्ठ्या हाती लागल्या.

दरम्यान १९९५ मध्ये ‘डेजा न्यूज’ या कंपनीनं यूजनेट साठवून त्यात शोध घ्यायची सोय केली होती. २००१ च्या फेब्रुवारीत गूगलनं तो साठा विकत घेतला. त्यात टोरांटोच्या टेपा आणि इतरांनी जपलेला मजकूर घालून त्याच वर्षी डिसेंबरमध्ये वीस वर्षांचा साठा लोकांपुढे ठेवला. चिठ्ठ्यांची संख्या होती ७० कोटींच्या वर. लिनस टॉरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्यानं ऑगस्ट १९९१ मध्ये ‘मी छंद म्हणून एक प्रणाली लिहितोय’ अशा अर्थाचं जे लिहिलं, ती लिनक्सची पहिली वर्दी याच साठ्यात वाचायला मिळते.

आणखी एक गोष्ट लिफ्टची आहे, म्हणून सोसायटीच्या स्मरणिकेत सांगायलाच हवी. १९८२ मध्ये पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणकावरच्या नोटीस बोर्डावर एक कोडं चाललं होतं: लिफ्टची दोरी तुटली तर आतल्या पाऱ्याच्या थेंबाचं काय होईल? त्यावर एकानं गमतीनं खोटी सूचना लावली की प्रयोगामुळे एका लिफ्टमध्ये पारा सांडला आहे. काहींना ती खरीच वाटली! तेव्हा विनोद ओळखू यावा म्हणून काहीतरी खूण हवी, अशी चर्चा निघाली. १९ सप्टेंबरला स्कॉट फालमन यांनी सुचवलं की अपूर्णविराम, आडवी रेघ आणि कंस अशी तीन चिन्हं ओळीनं लिहा. मान वाकडी करून पाहिलं की हसरा चेहरा दिसतो. आज आपण सकाळ-संध्याकाळ जे हसरे चेहरे पाठवतो, त्यांचा हा आजोबा.

पण ती मूळ चिठ्ठी फालमन यांच्याकडेही नव्हती. शेवटी मायक्रोसॉफ्टच्या माइक जोन्स यांनी पुढाकार घेतला, आणि विद्यापीठातल्या जेफ बेअर्ड व इतरांनी जुन्या बॅकअप टेपा धुंडाळल्या. टेप वाचणारं यंत्र मिळवणं, जुन्या पद्धतीनं साठवलेल्या फायली उलगडणं, असं करत करत सप्टेंबर २००२ मध्ये, म्हणजे बरोबर वीस वर्षांनी, चिठ्ठी सापडली. ती वाचली कारण विद्यापीठात सगळ्याच फायलींच्या प्रती रोजच्या कामाचा भाग म्हणून काढून ठेवल्या जात होत्या. महत्त्वाचं काय ते तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. मला यातला हा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो.

आता आपल्याकडे वळू. सर्वसामान्य भारतीयांना इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ पासून, विदेश संचार निगममार्फत. त्याआधीच परदेशी शिकायला गेलेली मराठी मुलं यूजनेटवर आणि ई-मेलच्या गटांत मराठीत गप्पा मारत होती, पण रोमन लिपीत. संगणकावर देवनागरीची सोय सहज नव्हती. त्यामुळे तो मजकूर आज असूनही शोधणं अवघड. ‘आहे’ हा साधा शब्द एक जण एका स्पेलिंगनं लिही, दुसरा दुसऱ्या. शोधणाऱ्याला सगळी रूपं सुचली तरच पत्र हाती लागतं.

पुढे देवनागरी फॉन्ट आले, पण प्रत्येकाची रीत निराळी. एका फॉन्टमध्ये टाइप केलेलं दुसऱ्यात उघडलं की नुसती गिचमिड. आपल्या ऑफिसच्या कपाटात सुरुवातीच्या वर्षांच्या फ्लॉपी आहेत, त्यांचीही हीच गत. आधी फ्लॉपी वाचणारं यंत्र हवं, मग तोच फॉन्ट हवा. युनिकोड रुळल्यावर हा घोळ मिटला. म्हणून आता जे लिहायचं ते युनिकोडमध्येच लिहावं.

एक धोका अजून आहे. आपलं सामान दुसऱ्याच्या घरात ठेवलं तर घरमालकाची मर्जी सांभाळावी लागते. याहू ग्रुप्सवर जगभरच्या असंख्य मंडळांच्या, कुटुंबांच्या चर्चा होत्या. ऑक्टोबर २०१९ मध्ये कंपनीनं जाहीर केलं की साठवलेला मजकूर काढून टाकणार. काही आठवड्यांची मुदत दिली, ती थोडी वाढवली, आणि डिसेंबर २०२० मध्ये सेवाच बंद झाली. ज्यांनी धावपळ करून उतरवून घेतलं त्यांचं वाचलं. बाकीच्यांची वर्षानुवर्षांची बोलणी गेली.

आता कुणी म्हणेल, सगळंच जपायचं का? नाही. चिठ्ठी दोन आठवड्यांनी पुसली जाईल या समजुतीनं माणसं मोकळेपणानं लिहून गेली, आणि वीस वर्षांनी ती जगापुढे आली. डेजा न्यूजच्या काळातच ‘माझं पत्र साठवू नका’ अशी खूण करायची सोय होती. आपणही हा विवेक ठेवावा. कुणाच्या घरचं आजारपण, थकबाकीवरून झालेली तू-तू मैं-मैं हा काही सोसायटीचा इतिहास नव्हे.

पण जे सगळ्यांचं आहे ते जपायलाच हवं. आज आपले निम्मे निर्णय व्हॉट्सअ‍ॅपवर ठरतात. गळतीची तक्रार, कंत्राटदाराचं आश्वासन, रंगाच्या कामाला दिलेली संमती, सगळं तिथेच. एखाद्याचा फोन बदलला की गेलं. नंतर ग्रुपमध्ये आलेल्या सभासदाला मागचं सहसा दिसत नाही. उद्या मानीव अभिहस्तांतरण किंवा पुनर्विकासाचा विषय निघाला की बिल्डरचं जुनं पत्र, सभेचा ठराव, मंजूर नकाशा यांनाच किंमत येते. तेव्हा ‘ते कुणाच्या तरी मोबाइलमध्ये होतं’ म्हणून भागत नाही.

म्हणून नव्या कमिटीला चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. वर्षातून एकदा, वार्षिक सभेच्या आधी, कामाचे निरोप ग्रुपमधून उतरवून घ्यावेत आणि सर्वांच्या संमतीनं दप्तरी लावावेत. त्यांच्या तीन प्रती तीन ठिकाणी असाव्यात, एक कागदावर. फाइलला तारीख आणि विषय यांचं साधं नाव द्यावं. आणि पहिल्या वर्षांच्या फ्लॉपी, इतिवृत्ताच्या वह्या, घरोघरी पडलेली जुनी पत्रकं यंदाच स्कॅन करून घ्यावीत, कारण ती लिहिणारी ज्येष्ठ मंडळी आज आपल्यात आहेत. अक्षर लागलं नाही तर विचारायला कुणीतरी आहे.

स्पेन्सर यांनी दहा वर्षं टेपा भरल्या त्या कुठल्या समारंभासाठी नव्हे. आपल्याकडे हे काम कोण करेल? संगणकाची आवड असलेली दोन मुलं आणि जुनं आठवणारे दोन आजोबा-आजी, एवढी माणसं पुरे. ऑफिसची किल्ली सेक्रेटरींकडे आहे. दिवाळीच्या सुट्टीत सुरुवात करू या.